शिवताना बोटाला इजा झाली तर : गोधडी शिवू लागलेल्यांसाठी मार्गदर्शन

गेली अठरा वर्षे मी यंत्रावर आणि हातशिलाईने गोधड्या शिवते आहे. त्यातल्या एका गोधडीच्या कडेला, दोन लुगड्यांचे काठ एकावर एक आले होते त्या जागी, यंत्राची सुई माझ्या डाव्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली. दुखणे नंतर जाणवले, आधी फक्त ‘टक्’ असा आवाज आला आणि बोट जागच्या जागी खिळले. घाबरून मी बोट हिसकले आणि सुई तुटली. एका दवाखान्यात जखम धुऊन पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि मला घरी पाठवले. सुईचा तुकडा आत राहिला असेल का, असे तिथे कोणी विचारले नाही आणि तुटलेली सुई दाखवावी, हे मलाही सुचले नाही. नवव्या दिवशी बोट इतके ठसठसू लागले की रात्री हात उशीवर उंच ठेवून बसून राहावे लागले. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तेव्हा हाडाला टेकलेला तिळाएवढा पोलादी तुकडा त्यात पांढराशुभ्र दिसला. तो काढायला छोटी शस्त्रक्रिया लागली आणि बोट सरळ व्हायला दोन महिने गेले.

नव्याने शिवणकाम शिकणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण सुईची जखम वरून टिंबाएवढी दिसत असली तरी आत खोल गेलेली असते. पुढे सारे क्रमाने दिले आहे. पहिले पाच मुद्दे इजा टाळण्यासाठी आहेत आणि उरलेले ती झाल्यावर काय करायचे, यासाठी.

१. कामाला बसण्याआधी हाताशी ठेवायच्या वस्तू

झाकणाचा एक डबा घ्या, तो यंत्राजवळच ठेवा आणि त्यातल्या वस्तू दुसऱ्या कामासाठी काढू नका.

- निर्जंतुक गॉजची बंद पाकिटे, चिकटपट्टी आणि लहान बँडेज
- साधा साबण आणि पिण्याच्या स्वच्छ पाण्याची बाटली
- दोरा कापण्यासाठी लहान, टोकदार कात्री
- यंत्राचा स्क्रू सैल करण्यासाठी पेचकस
- तुटलेल्या सुया टाकण्यासाठी जाड प्लास्टिकची बरणी
- मापाला बसणारे अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटावर घालायची टोपी
- चष्मा, कारण तुटलेल्या सुईचा तुकडा डोळ्याकडेही उडतो

धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, ते एका चिठ्ठीवर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. ऐन वेळी ही तारीख कुणालाच आठवत नाही.

२. सुई आणि कापडाची जाडी यांचा मेळ घाला

यंत्रावरच्या बऱ्याच अपघातांची सुरुवात चुकीच्या सुईने होते. ब्लाऊजसाठी लावलेली ११ नंबरची सुई तशीच ठेवून गोधडी शिवायला घेतली, की ती जाड थरातून जाताना वाकते, खालच्या धातूच्या पट्टीवर आपटते आणि मोडते. चार-पाच थरांच्या सुती गोधडीला १६ नंबरची सुई लावावी. जीन्सचे तुकडे असतील तर १८ नंबरची. पाकिटावर हेच आकडे १००/१६ आणि ११०/१८ असे छापलेले असतात.

जुन्या लुगड्यांच्या गोधडीत धोक्याची खरी जागा काठाची असते. पदराकडचा काठ दुसऱ्या काठावर आला, त्यात फॉलची शिलाई आली, की तिथे कापड पुठ्ठ्यासारखे कडक होते. अशा जागी पायडलवरून पाय काढा, चाक हाताने फिरवा आणि तेवढे सात-आठ टाके एकेक करून पार करा. याने दोन मिनिटे जास्त जातात. जुने कपडे कापण्याआधी त्यांवरून तळहात हळूहळू फिरवून घ्या, कारण त्यांत हूक, सेफ्टी पिना, अगदी धोब्याने लावलेल्या टाचण्याही राहून गेलेल्या असतात. टाचणीवरून यंत्र चालवू नका. सुई तिथवर पोहोचायच्या आधी टाचणी काढून घ्या.

३. यंत्रावर हात कुठे ठेवावेत

घरगुती मोटरचे यंत्र मिनिटाला साधारण ८०० ते १००० टाके घालते, म्हणजे सेकंदाला तेरा ते सोळा वेळा सुई खाली येते. कारखान्यातल्या ज्यूकीसारख्या यंत्रांचा वेग याच्या चार-पाच पट असतो. धोका दिसल्यावर बोट मागे घेऊ, असा विचार करायलाही त्यात वेळ नसतो. म्हणून बोटे मुळातच सुईच्या वाटेबाहेर असली पाहिजेत.

दोन्ही तळहात कापडावर सपाट ठेवावेत, सुईच्या डाव्या आणि उजव्या बाजूला, तीन-चार बोटांचे अंतर राखून. कापड पुढे नेण्याचे काम सुईखालच्या दात्यांचे आहे, आपण फक्त दिशा द्यायची. नवशिक्या व्यक्ती कापड मागून ओढते किंवा चुरगळलेला भाग सुईपाशीच बोटाने सपाट करते, आणि सुई नेमकी तेव्हाच बोटात शिरते. सपाट करायचेच असेल तर जाड सुईचे बोथट टोक किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी वापरा. सुईत दोरा ओवताना, बॉबिन (खालच्या दोऱ्याची फिरकी) बदलताना आणि सुई बदलताना मोटरचे बटण बंद असले पाहिजे. पायमशीनवर पाय पायट्यावरून खाली असला पाहिजे. पायडलवर विसावलेला पाय नकळत दाबला गेल्याने झालेल्या जखमा मी वर्गात दोनदा पाहिल्या आहेत.

झोप आली असेल, औषधाची गुंगी असेल किंवा दिवाळीच्या ऑर्डरी रात्री बारानंतर पुऱ्या करायच्या असतील, तर यंत्राचे काम दुसऱ्या दिवसावर टाका. त्या वेळी हाताने कडा टाचता येतील.

४. हातशिलाईतले टोचणे

गोधडीचा धावदोरा घालताना उजव्या हाताचे मधले बोट सुईला मागून ढकलते आणि डाव्या हाताचे बोट खालून सुईचे टोक चाचपते. ढकलणाऱ्या बोटाला सुईचे नेढे टोचते, चाचपणाऱ्या बोटाला टोक. ढकलणाऱ्या बोटासाठी अंगुस्तान आहे. ते घट्ट असेल तर बोट बधिर होते आणि सैल असेल तर सुई निसटते. बोट खाली धरून हात हलवल्यावर अंगुस्तान गळून पडले नाही, म्हणजे माप बरोबर. पहिले चार दिवस ते अडचणीचे वाटते, पाचव्या दिवसापासून त्याच्याविना शिवणे अवघड जाते. खालच्या बोटाला कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. सुई अडली तर दातांनी ओढू नका. रबराचा छोटा तुकडा चिमटीत धरून ओढली की ती सहज येते.

सुया मोजून घ्याव्यात आणि मोजूनच परत ठेवाव्यात. आपल्याकडे सुई ब्लाऊजच्या खांद्याला, पदराला, भिंतीवरच्या कॅलेंडरला किंवा गादीच्या कोपऱ्याला टोचून ठेवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. हरवलेली सुई बहुतेक वेळा गोधडीतच सापडते आणि ती गोधडी एखाद्या बाळासाठी शिवलेली असू शकते. सुई सापडेपर्यंत गोधडीची घडी घालायची नाही, हा माझ्या वर्गातला नियम आहे. लोहचुंबक फिरवल्यास शोध लवकर लागतो. टाचण्या ओठांत धरून बोलू नका.

५. रोटरी कटर आणि कात्री

ठिगळकामासाठी आता अनेकजणी रोटरी कटर घेतात. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली हे हत्यार बाजारात आणले. त्याचे ४५ मिलिमीटरचे गोल पाते सर्वाधिक वापरात आहे. कापडाचे सहा-सहा थर ते लोण्यासारखे कापते, त्यामुळे पट्टीच्या कडेबाहेर आलेले बोटाचे टोकही ते तितक्याच सहज कापते. पट्टी धरताना सगळी बोटे कडेपासून आत ठेवा, करंगळी पट्टीबाहेर टेकू नका, पाते नेहमी अंगापासून दूर ढकला आणि प्रत्येक कापानंतर, पुढचा काप लगेच घ्यायचा असला तरी, पाते झाका. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात घसरतो, म्हणून पाते वेळेवर बदला. शिलाई उसवण्याच्या काटेरी सुरीलाही हीच गोष्ट लागू आहे : ती कापड धरलेल्या बोटाच्या दिशेने कधीही चालवू नका.

६. यंत्राची सुई बोटात शिरली तर : पहिली दोन मिनिटे

हा भाग दोनदा वाचावा आणि घरातल्या आणखी एका व्यक्तीलाही वाचायला द्यावा.

पाय पायडलवरून काढा आणि हात होता तिथेच ठेवा. हात हिसकण्याची इच्छा अनावर होते, पण सुई तुटण्याचे आणि मांस फाटण्याचे सर्वांत मोठे कारण तोच हिसका असतो. कोणी जवळ असेल तर हाक मारा आणि त्यांना यंत्राची पिन भिंतीतून काढायला सांगा. एकट्या असाल तर मोकळ्या हाताने बटण बंद करा.

त्यानंतर सुईच्या वर, नेढ्याकडे येणारा दोरा कात्रीने कापा. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. यंत्राच्या सुईचे नेढे टोकाजवळ असते. सुई बोटातून आरपार जाऊन खाली पोहोचली, तर खालच्या शटलने (बॉबिन बसते त्या फिरत्या भागाने) तो दोरा पकडलेला असतो, म्हणजे बोटातून खरोखरीचा टाका पडलेला असतो. वरचा दोरा न कापता सुई वर घेतली, तर तो टाका बोटातच आवळला जातो.

आता चाक हाताने, अगदी सावकाश फिरवा. सुई धरणाऱ्या दांड्याकडे पाहा आणि ज्या दिशेने तो वर जातो त्याच दिशेने फिरवत राहा. सुई बोटातून बाहेर आली की प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा यंत्राचा पाय) उचला, बोटाखालचा दोरा कापडाजवळ कापा आणि मगच बोट बाजूला घ्या. जखमेतून लोंबणारा दोरा ओढून काढू नका. तेल आणि कापडाचा बारीक धुरळा लागलेला तो दोरा जखमेतून ओढला, तर घाण आत पसरते. तो डॉक्टरांना काढू द्या.

सुई हाडात रुतली असेल आणि चाक जागचे हलत नसेल, तर जोर लावू नका. सुई धरणारा स्क्रू पेचकसाने सैल करा, म्हणजे दांडा सुईला सोडून वर जाईल. प्रेसर फूट उचला, खालचे दोरे कापा आणि सुई बोटात तशीच ठेवून रुग्णालयात जा. तिच्या दोन्ही बाजूंना गॉजच्या घड्या ठेवून वरून सैल पट्टी बांधली की ती वाटेत हलत नाही.

रक्त पाहून भोवळ येणे स्वाभाविक आहे. खुर्चीवर बसून राहण्यापेक्षा जमिनीवर आडवे व्हा, कारण पडल्याने डोक्याला लागले तर तो दुसरा अपघात होतो. त्याच हातातली अंगठी लगेच काढा. तासाभरात बोट सुजले की ती कापूनच काढावी लागते.

७. सुई पूर्ण आहे का, ते तपासा

बाहेर आलेली सुई त्याच नंबरच्या नव्या सुईशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवा. लांबी तंतोतंत जुळते का, टोक शाबूत आहे का, नेढ्याची कड तुटलेली नाही ना, हे उजेडात नीट पाहा. टोक तुटलेले असेल तर तो तुकडा यंत्राखाली, बॉबिनच्या खाचेत आणि कापडात शोधा. सगळे तुकडे जुळले नाहीत, तर उरलेला तुकडा बोटातच आहे असे धरून चाला आणि एक्स-रे काढा. पोलाद एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसते. दोरा आणि कापडाचे तंतू मात्र दिसत नाहीत, म्हणून दोरा आत गेल्याचे डॉक्टरांना तोंडाने सांगावे लागते. तुकडा आत असल्याची शंका असताना चिमट्याने उकरू नका. तो आणखी खोल सरकतो.

८. रक्त थांबवणे आणि जखम धुणे

साध्या टोचण्याला वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच मिनिटे धुणे आणि स्वच्छ पट्टी लावणे पुरते. बोट तोंडात घालून चोखू नका, तोंडातले जंतू जखमेत जातात. काप असेल आणि रक्त वाहत असेल, तर गॉजची घडी ठेवून घट्ट दाबा, हात छातीपेक्षा उंच धरा आणि दहा मिनिटे एकदाही उघडून न पाहता दाब ठेवा. मधूनमधून उघडून पाहिले की धरू लागलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा वाहू लागते. बोटाच्या मुळाशी दोरा किंवा रबर आवळून बांधू नका.

हळद, कॉफीची पूड, चुना, रॉकेल यांपैकी काहीही जखमेत भरू नका. घरात हळद मायेने लावली जाते, हे मला माहीत आहे, आणि माझ्या सासूबाईंनीही ती लावली होती. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिच्या थराखाली जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. माझ्या बोटावरची हळद खरवडून काढताना झालेल्या वेदना सुई शिरतानाच्या वेदनेहून अधिक होत्या.

९. त्याच दिवशी डॉक्टरांकडे केव्हा जावे

यंत्राची सुई नखातून, सांध्यातून किंवा हाडापर्यंत गेली असेल, सुई तुटली असेल किंवा दहा-पंधरा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल, तर त्याच दिवशी जावे. नखाखाली रक्त साठून ठणका लागला असेल, तर डॉक्टर नखाला बारीक छिद्र पाडून ते काढतात आणि लगेच आराम पडतो. घरी सुई तापवून हा प्रयोग करू नका. मधुमेह असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी लहान जखमही दाखवावी.

कटरने काप गेला असेल, तर दोन गोष्टी तपासा. बोटाच्या टोकाच्या दोन्ही कडांना कापसाचा स्पर्श सारखाच जाणवतो का, आणि बोटाचे प्रत्येक पेर स्वतंत्रपणे वाकते व सरळ होते का? स्पर्श कळत नसेल तर मज्जातंतू आणि पेर वाकत नसेल तर स्नायूबंध कापला गेल्याची शक्यता असते, आणि त्याची दुरुस्ती लवकर व्हावी लागते. बोटाचे टोक तुटून वेगळे झाले असेल, तर ते स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

१०. दवाखान्यात जाताना बरोबर काय न्यावे

- तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे आणि त्याच नंबरची एक नवी सुई
- धनुर्वाताच्या लसीची नोंद
- चालू औषधांची यादी किंवा गोळ्यांची पाने, आणि औषधांची ॲलर्जी असल्यास तिची माहिती
- ओळखपत्र आणि आरोग्य विम्याचे कार्ड
- कारखान्यात काम करत असाल तर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा क्रमांक, आणि निघण्याआधी पर्यवेक्षकाकडून अपघाताची लेखी नोंद

या शेवटच्या नोंदीबाबत संकोच करू नका. ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडलेली जखम महिन्याने चिघळली, तर ती कामावर झाली हे दाखवायला हाती काही राहत नाही.

डॉक्टरांना स्वतःहून सांगा की ही यंत्राच्या सुईची जखम आहे, सुई अमुक इतकी आत गेली होती आणि तिच्यात दोरा होता. ‘सुई टोचली’ एवढेच सांगितले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हातशिलाईची सुई येते.

धनुर्वाताविषयी सर्वसाधारण नियम असा की लसीचे मूळ डोस पूर्ण झाले असतील, तर स्वच्छ, लहान जखमेसाठी शेवटच्या डोसला दहा वर्षे उलटल्यावर आणि खोल किंवा मळलेल्या जखमेसाठी पाच वर्षे उलटल्यावर पुन्हा डोस घेतात. इंजेक्शन घेतले म्हणजे जखम पिकणार नाही, हा मोठा गैरसमज आहे. ही लस फक्त धनुर्वातापासून वाचवते, पू होण्यापासून नाही.

वर्गात एकीला लागलेली सुई पुसून दुसरीने वापरू नये. ती बरणीत टाका आणि यंत्राला नवी सुई लावा. दुसऱ्याच्या रक्ताने माखलेली सुई टोचली गेलीच, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, कारण कावीळ ब सारख्या आजारांवरचा प्रतिबंधक उपाय लवकर सुरू करावा लागतो.

११. पुढचे दहा दिवस

पट्टी रोज बदला, ती भिजली तर लगेच बदला, आणि भांडी घासताना हातमोजा घाला. दुखणे रोज थोडे कमी झाले पाहिजे. तिसऱ्या दिवसानंतर ते वाढू लागले, बोट गरम आणि लाल झाले, पू आला, ताप आला किंवा मनगटाकडे लाल रेघ चढताना दिसली, तर थांबू नका. नखाच्या कडेला झालेले नखुरडे घरी टोचून फोडू नका.

एक संसर्ग विशेष घातक असतो. बोट वाकवणाऱ्या स्नायूबंधाभोवतीच्या नळीत पू होतो आणि वेळेत उपचार न झाल्यास बोट कायमचे आखडते. शिकागोचे शल्यविशारद ॲलन कॅनाव्हेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची लक्षणे नोंदवली आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जातात. बोट मुळापासून टोकापर्यंत सारखे सुजते, किंचित वाकलेले राहते, तळव्याच्या बाजूने दाबले की सबंध लांबीभर दुखते आणि दुसऱ्याने ते सरळ करू पाहिले की कळ असह्य होते. यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. जबडा आखडणे, तोंड उघडता न येणे हे धनुर्वाताचे लक्षण असू शकते. ते जखमेनंतर तीन ते एकवीस दिवसांत दिसते आणि त्यालाही तातडीचे उपचार लागतात.

जखम कोरडी होऊन बोट दाबल्यावर दुखेनासे झाले की पुन्हा शिवायला बसा. पहिला आठवडा यंत्राचा वेग कमी ठेवा, कारण दुखरे बोट आपण नकळत उचलून धरतो आणि मग बाकीची बोटे सुईकडे सरकतात.

गोधडीवर पडलेले रक्त ओले असतानाच थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. लहान ठिपका असेल, तर पांढऱ्या सुती दोऱ्याचा बोळा पाण्याने ओला करून त्यावर टिपत राहा. दोरा रक्त ओढून घेतो आणि आजूबाजूच्या कापडावर पाण्याचे वळ उमटत नाहीत.